काट्याचं भोक असलेली नोट

माझे वडील कंडक्टर होते आणि त्यांना फाटकी नोट नाकारता येत नव्हती. या दोन गोष्टी एका माणसात असल्या की घरात काय होतं ते आमच्या मायला विचारावं. हळ्ळीखेडच्या बाजारात एखाद्या भाजीवाल्यानं नोट परत केली, तर गिऱ्हाईक वाद घालत नसे. "ऱ्हाऊ दे, कंडक्टरअण्णाला देतो," म्हणून खिशात घालत असे. अण्णा म्हणजे आमचे अप्पा. ते ती नोट घेत, तिकीट फाडून देत आणि संध्याकाळी हुमनाबादच्या डेपोत हिशेब देताना कॅशियर तीच नोट बोटाच्या टोकानं त्यांच्याकडे परत सरकवत असे. मग अप्पा आपल्या खिशातली चांगली नोट भरायचे आणि फाटकी घरी आणायचे. घरी बिस्किटांचा पत्र्याचा एक डबा होता, त्यात ती जायची.

"लोकांचे मालक पगार आनतेत, आमचे चिंध्या आनतेत," माय म्हणायची.

गाव अप्पांना भोळं समजायचं. ते भोळे मुळीच नव्हते. ते फाटक्या नोटा घेत होते त्याला कारण मी होते, आणि हे घरातल्या आम्हा तिघांनाच माहीत होतं.

झालं ते असं. आमच्या घरात सरकारी नोकरी पहिल्यांदा अप्पांना लागली. आजोबा दुसऱ्याच्या रानात राबले. आम्ही धम्म घेतल्यावर शाळेचं वेड आमच्या वस्तीत शिरलं, आणि अप्पा सातवी होऊन, मराठी, कन्नड, उर्दू अशा तिन्ही भाषा बोलत, खाकी कपड्यात हुमनाबाद-दुबलगुंडी-हळ्ळीखेड गाडीवर उभे राहिले. त्या खाकी कपड्यांचा त्यांना फार अभिमान. माय पितळी तांब्यात निखारे घालून त्या कपड्यांना इस्त्री करायची, आणि तांब्या जरा जास्त तापला की दोघांचं भांडण ठरलेलं.

आमच्या भागात तेव्हा काही माणसं पैसे हातात देत नसत, वरून टाकत. आजोबांनी जन्मभर ओंजळ धरली आणि त्यात वरून पडेल ते घेतलं. अप्पांना वाटलं होतं, खाकी कपडे घातले की हे संपेल. ते संपलं नाही. तिकिटाचे पैसे घेताना काही काही हात त्यांच्या तळव्याच्या वीतभर वर थांबायचे आणि तिथून नाणं सुटायचं.

यावर अप्पा कधी भांडले नाहीत. ते काम आमच्या रस्त्यानं केलं. हुमनाबादहून दुबलगुंडीकडे जाणारा तेव्हाचा रस्ता असा होता, की वरून सोडलेलं नाणं तळहातापर्यंत पोचेतो तळहात दुसरीकडे गेलेला असे. नाणं खाली पडे, फळीवरून घरंगळत मागच्या बाकाखाली जाई, आणि ज्याचं त्याला ते कोंबड्या, पिशव्या नि लोकांचे पाय यांच्यामधून वाकून शोधावं लागे. अप्पा शांतपणे म्हणत, "सावकाश हुडका, गाडी थांबलीय." सगळी गाडी त्या माणसाच्या पाठीकडे बघत बसे. दोन-तीनदा असं झालं की मोठमोठे लोकही पैसे नीट हातात ठेवायला शिकले.

एक मात्र शिकली नाही. दुबलगुंडीची एक म्हातारी होती, पाटलाच्या घराण्यातली, नवरा कधीच वारलेला. दर बाजाराला हळ्ळीखेडला यायची. पहिल्या बाकावर खिडकीशी बसायची आणि नाणं वरून सोडायची, आणि तिचा नेम चुकत नव्हता. गाडी कशीही उसळो, नाणं बरोबर तळव्याच्या मध्यावर. अप्पा घरी येऊन तिची तारीफ करायचे. "म्हातारी खड्डा आधी बघती आन मग सोडती," म्हणायचे. मायला हे कौतुक अजिबात आवडत नसे.

एकदा तिच्याजवळ सुटे पैसे नव्हते. तिनं एक रुपयाची नोट काढली आणि सवयीप्रमाणे वरून सोडली. नोट काही नाण्यासारखी खाली पडत नाही. खिडकीतून वारा आला आणि नोट बाहेर गेली. अप्पांनी घंटीची दोरी ओढली, गाडी थांबली, अप्पा उतरले. बाहेर तुरीचं रान होतं, त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण. नोट त्या कुंपणात अडकली होती. अप्पांनी हात घालून ती काढली, तेव्हा तिचा एक कोपरा काट्यावरच राहिला आणि कडेला एक भोक पडलं. अप्पांच्या मनगटावरही तीन-चार ओरखडे उठले.

गाडीत येऊन त्यांनी ती नोट म्हातारीच्या शेजारी बाकावर ठेवली. तिला परत द्यायचं काहीही ते असंच बाकावर ठेवत, म्हणजे तिला उचलता येई. "अव्वा, नोट फाटली बघा. दुसरी हाय का?" त्यांनी विचारलं. अव्वा म्हणजे कानडीत आई. आमच्याकडे कुठल्याही म्हाताऱ्या बाईला तसंच म्हणतात.

म्हातारीनं नोट उचलली. नोटेकडे बघितलं, मग अप्पांच्या मनगटाकडे.

"रगत यायलंय की," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "हात पुढं कर."

अप्पांनी हात पुढं केला. तिनं ती नोट त्यांच्या तळव्यावर ठेवली, दोन्ही हातांनी त्यांची बोटं एकेक करून मिटली आणि मूठ दाबली. "धर नीट. आता उडायची न्हाई."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अप्पांनी आपल्या खिशातला एक रुपया चामड्याच्या पिशवीत टाकला आणि ती नोट वरच्या खिशात ठेवली. हे मी पाहिलेलं नाही, मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. पण अप्पांनी इतक्यांदा सांगितलंय, की त्या गाडीत मी कुठल्या बाकावर बसले होते तेसुद्धा मला आठवतं.

ती नोट आमच्या घरी बुद्धाच्या तसबिरीत आली. काच आणि चौकट यांच्यामध्ये खालच्या बाजूला अप्पांनी ती सरकवून ठेवली. आल्यागेल्याला दाखवायचे. नंतर दाखवणं कमी झालं, पण सकाळी ड्यूटीवर जाताना तसबिरीला हात जोडले की डोळे त्या कोपऱ्यावरून एकदा फिरायचे. म्हातारीही त्या दिवसापासून पैसे हातात द्यायला लागली. नाण्याचा नेम वाया गेला म्हणून अप्पांना थोडं वाईटच वाटलं असावं.

मी चौथीत असताना हुमनाबादची जत्रा आली. त्या दिवशी सकाळी मी ती नोट तसबिरीतून काढली. खर्च करायला नाही, खरंच नाही. माझ्या वर्गातल्या दोघीजणी जत्रेत भेटणार होत्या, त्यांच्या बापांची दुकानं होती, आणि आमच्या घरातही काही दाखवण्यासारखं आहे हे मला त्यांना दाखवायचं होतं. मायनं दिलेले आठ आणे पाळण्यात आणि शेवेत संपले. मग बांगड्यांचं दुकान आलं. हिरव्या काचेच्या, वर सोनेरी ठिपके. त्या दोघींनी भरल्या. मी हात मागे धरून उभी होते, आणि हातात ती नोट होती.

मनियार म्हातारा होता. त्यानं नोट उन्हात धरली आणि भोकातून माझ्याकडे बघितलं. "ये नोट नै चलती, बेटा."

"कंडक्टरची नोट हाय," मी म्हटलं. "कामून चालत न्हाई?"

तो हसला. "कंडक्टरकी है? तो कंडक्टरकूच वापस देतूं." आणि त्यानं माझ्या हातात डझनभर बांगड्या चढवल्या.

घरी आले तेव्हा माझा हात आवाज करत होता. अप्पा जेवत होते. त्यांनी बांगड्यांकडे बघितलं, मग तसबिरीकडे. मला वाटलं, आता मार बसणार. बसला असता तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "कुनाला दिलीस?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या गाडीनं जत्रेत गेले. मनियारानं नोट चहावाल्याला दिली होती, चहावाल्याला आपण कुणाला दिली ते आठवत नव्हतं. अप्पा परत आले, पाय धुतले आणि मला जवळ बसवलं.

"रडायलीस कामून? मनियार काय म्हनला, सांग बघू. कंडक्टरला देतो म्हनला न्हवं? बरोबर बोलला त्यो. फाटकी नोट कुटं जातीय? फिरून फिरून कंडक्टरकडंच येती."

मी बांगड्या फोडायला निघाले तेव्हा मायनं हात धरला. "फोडून नोट येनार हाय का? घाल गप." त्या बांगड्या मी वर्षभर घातल्या. एकेक करून त्या फुटल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

तेव्हापासून अप्पांनी एकही फाटकी नोट परत केली नाही. कुणाच्या नोटेला नको म्हटलं आणि नेमकी तीच असली तर? लोकांना काय, तेवढंच हवं होतं. बसवकल्याणकडची, राजेश्वरची, अगदी उदगीरपर्यंतची फाटकी नोट आमच्या डब्यात आली. गंगा शेवटी समुद्रालाच मिळते, तशी आमच्या तालुक्यातली चिंधी आमच्याच घरी.

संध्याकाळी अप्पा आले की पिशवी चटईवर रिकामी व्हायची. फाटक्या नोटा मी बाजूला काढायचे, अप्पा एकेक नोट दारातल्या उजेडात धरून बघायचे. कोपरा आहे का, भोक आहे का. नसलं की डबा. मला आधी त्या नोटांची लाज वाटायची, मग हळूहळू त्या आवडायला लागल्या. जुन्या लुगड्यासारख्या मऊ झालेल्या असत. कुठलीला तंबाखूचा वास, कुठलीला हळदीचा. एकीवर कुणीतरी कानडीत गुळाचा भाव लिहिलेला. एकीवर उर्दूत काहीतरी, ते अप्पांनी वाचलं आणि मला सांगितलं नाही. एकीवर मराठीत नुसतं "मुलगा झाला." कुणाला झाला, ते नाही. ती नोट मी किती तरी दिवस उशाला घेऊन झोपले. मायनंही एके दिवशी तिच्या आईची एक निजामाच्या वेळची, हैदराबादी चलनाची नोट पेटीतून काढून डब्यात टाकली. "हीबी कुनी घेत न्हाई, ऱ्हाऊ द्या हितंच," म्हणाली.

मी नववीत असताना ती म्हातारी गेली. त्या दिवशी अप्पांची ड्यूटी होती. दुबलगुंडीच्या थांब्यावर ते खाली उतरले, टोपी काढून जरा वेळ उभे राहिले आणि मग घंटी दिली. घरी आल्यावर त्यांनी डब्यातल्या सगळ्या नोटा पुन्हा एकदा उजेडात धरून बघितल्या. मला कळलं. आतापर्यंत निदान ती दुसरी नोट देऊ शकली असती. आता ती हरवलेलीच शोधायची होती.

मी शिकले. बँकेत लागले, गुलबर्ग्याला, आणि नशीब बघा, कॅश काउंटरवर. दिवसभर हातातून नोटा जायच्या. मळक्या नोटांचं बंडल आलं की मी आधी कोपरे बघायचे. सोबतचे लोक म्हणत, या बाईला फाटक्या नोटांचं भारी प्रेम. प्रेम कसलं, चौथीतल्या मुलीची धास्ती होती ती. दोन वर्षं बघितलं. तशी नोट आली नाही, आणि येणार नाही हे बँकेत बसल्यावर मला जितकं कळलं तितकं अप्पांना बसमध्ये उभं राहून कळत नव्हतं. मळक्या नोटा पुढं कुठं जातात ते मला माहीत होतं. त्या कंडक्टरकडे येत नाहीत. त्या बंडलात बांधून वर पाठवतात आणि तिथं नष्ट करतात.

अप्पा मात्र अजून घेत होते. केस पिकले होते. रविवारी मी घरी गेले की डबा पुढं ठेवून विचारायचे, "तुमच्यात कायी आली का?"

शेवटी मी एक केलं. माझ्या पगारातली एक मळकी रुपयाची नोट घेतली, कोपरा फाडला, बाभळीचा काटा आणून भोक पाडलं, चहाच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवली. नोटा सांभाळायचा पगार घेणारीनं नोट फाडायची. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. पण मला लाज वाटली नाही. पुढच्या रविवारी घरी गेले आणि म्हटलं, "अप्पा, आली."

ते चटईवरून उठले.

"हात पुढं करा," मी म्हटलं. ते माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. मी नोट त्यांच्या तळव्यावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटली.

ते दारात गेले. उजेडात नोट धरली. एका बाजूनं बघितली, उलटून दुसऱ्या बाजूनं बघितली. मला वाटत होतं आता माझा श्वास त्यांना ऐकू येईल.

"आली म्हन की," ते म्हणाले.

त्यांनी स्वतः तसबीर उतरवली, काच पुसली, नोट पूर्वीच्या जागी सरकवली. मायनं गूळ घालून गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर केली. मी दोन वाट्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवसापासून अप्पा फाटक्या नोटा परत करायला लागले. "चालत न्हाई, दुसरी द्या." हळ्ळीखेडचे लोक चक्रावले. कंडक्टरअण्णाला काय झालं, म्हणून दोघेतिघे मायकडे चौकशीला आले. मला मात्र खात्री पटली. ते समाधानी होते, मी सुटले होते, आणि हे सगळं एका काट्यात झालं म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

बरीच वर्षं गेली. अप्पा निवृत्त झाले. आमच्या बँकेत एक साहेब आले, त्यांना जुन्या नोटा जमवायचा नाद. मी एकदा त्या डब्याबद्दल बोलले तर म्हणाले, बघायलाच पाहिजे. एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना हळ्ळीखेडला घेऊन आले. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि सगळा डबा चटईवर मांडला. तासाभरानं म्हणाले, "यांना किंमत नाही हो. नाद असणाऱ्यांना कोरी नोट लागते, घडीसुद्धा न पडलेली." मायच्या निजामी नोटेवर मात्र त्यांचा जीव जडला. मायनं घासाघीस करून ती विकली, आणि त्या पैशाचा पुढं कुकर आला. तिला जराही वाईट वाटलं नाही.

मग साहेबांचं लक्ष तसबिरीकडे गेलं. मी मोठ्या उत्साहानं म्हातारीची गोष्ट सांगितली. त्यांनी नोट हातात मागितली, अप्पांनी काढून दिली. साहेबांनी ती उलटली. रुपयाच्या नोटेच्या मागे नाण्याचं चित्र असतं, त्यावर त्यांनी भिंग धरलं.

"ही तेव्हाची कशी असेल?" ते म्हणाले. "या नाण्यावर साल असतं. बघा."

मी बघितलं. मी मॅट्रिक झाले ते साल होतं. त्याच्या आधी किती वर्षं, मी चौथीत असताना, खरी नोट मनियाराच्या पेटीत गेली होती. कोपरा, भोक, रंग, सगळं मी सांभाळलं होतं, आणि रोज हजार नोटा हाताळणाऱ्या मला मागचं साल बघायचं सुचलं नव्हतं. माझे कान तापले. मी अप्पांकडे बघितलंच नाही.

अप्पांनी साहेबांच्या हातून नोट घेतली. "नोटीचं तुमाला कळतंय, साहेब. साल बरोबर सांगितलात. पर ही द्यायची न्हाई."

साहेब पाचच्या गाडीनं गेले. थांब्यापर्यंत त्यांना सोडून मी परत आले तेव्हा अप्पा तसबीर मांडीवर घेऊन काच पुसत होते. मी समोर बसले.

"कवा कळलं तुमाला?" मी विचारलं.

"त्याच दिशी. म्या जन्म घालवलो नोटा बघन्यात. साल ऱ्हाऊ दे, तिचं भोक डाव्या अंगाला हुतं. तू उजव्या अंगाला पाडलीस."

"मग कायी बोलला कामून न्हाईत? तसबिरीत कामून लावलात?"

त्यांनी नोट काचेखाली सरकवली, सरळ झाली का बघितलं, आणि तसबीर भिंतीला लावायला माझ्या हातात दिली.

"ती हातात दिली हुती म्हनून ठिवलो हुतो," ते म्हणाले. "हीबी तू हातातच दिलीस की."